बिअरची चव वयाबरोबर बदलते की दुकानाबरोबर?

मिऱ्याबंदर

आमच्या मित्रमंडळात एक वाद बरेच दिवस चालू आहे. एका मित्राचं म्हणणं असं की माणूस विशीत जी बिअर पितो तीच त्याला शेवटपर्यंत आवडते, बाकी सगळे प्रकार चारचौघांत मिरवण्यासाठी. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

रत्नागिरीत माझ्या पिढीतल्या बहुतेकांची सुरुवात स्ट्राँगनेच झाली. ६५० मिलीची बाटली, दोघांत एक, आणि हिशोब एकच: कमी पैशात जास्त काय चढतं. आपल्याकडे माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल आणि स्ट्राँग म्हणजे ५ ते ८ टक्के. ते वरचे टक्के गाठायला माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, जोडीला साखर, मका, तांदूळ असं काहीबाही वापरलं जातं. त्यामुळे अल्कोहोल वाढतं, पण माल्टचा भरीवपणा वाढत नाही. घोट गिळल्यावर मागे एक गोडसर, घशाला लागणारी चव राहते. ती जाणवू नये म्हणून आम्ही बाटली फ्रीजरमध्ये घालायचो. इतक्या गारठ्यात जिभेला काही कळतच नाही, आणि आम्हाला कळायला नकोच होतं.

नंतर नोकरीसाठी पुण्यात गेलो. २००९ मध्ये तिथे डूलाली हा स्वतःची बिअर बनवणारा बार सुरू झाला आणि ताज्या गव्हाच्या बिअरशी ओळख झाली. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. बिअरला नाकाने ओळखायचं असतं हे मला तेव्हा समजलं. मग आयपीए आली, म्हणजे हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सढळ हाताने घातलेली कडू बिअर. पहिल्या भेटीत नकोशी वाटली, पुढे तीच मागवू लागलो.

आता परत कोकणात आहे, आणि मला साधी, हलकी, गार पिल्सनर हवी असते. कारण ताटात आहे. रव्यात घोळवून तळलेला बांगडा खाताना बिअरचा फेस आणि माफक कडवटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. हेच आयपीएबरोबर करून बघा. तिरफळ घातलेल्या लालभडक तिखल्यासोबत तो कडूपणा मिरचीचा जाळ आणखी भडकवतो, मासा बाजूलाच राहतो.

पिल्सनर १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावात पहिल्यांदा झाली आणि आज जगात खपणारी बहुतेक बिअर तिच्याच वंशातली आहे. लोक तिला साधी म्हणून हिणवतात. पण ती गोड्या वरणासारखी आहे, चूक झाली तर लपवायला मसाला नाही. तेव्हा माझं म्हणणं असं: चव खरोखर बदलते, जीभ शिकते, आणि शेवटी साध्याकडे परतलेला माणूस सुरुवातीच्या जागी परतलेला नसतो.

तिठ्यावरचो

सगळा वाचलंय. आता मी काय सांगतंय ता ऐका. आमच्या तिठ्यावरच्या बिअर शॉपीत काय गावता ता पयला बघा, मगे जिभेचा बोला.

प्रमाण भाषेत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. तुमच्या प्रवासातला प्रत्येक टप्पा हा नव्या दुकानाचा टप्पा आहे. रत्नागिरीत स्ट्राँग होती, ती प्यायलात. पुण्यात गव्हाची मिळाली, ती प्यायलात. गावी राहिलेल्या माणसाला हे काहीच समोर आलं नाही. माझे वर्गमित्र आजही तीच स्ट्राँग पितात. त्यांची जीभ मंद आहे असं कोणी म्हणणार असेल तर मी ऐकून घेणार नाही.

गावच्या दुकानदाराचं गणित साधं आहे. माइल्ड आणि स्ट्राँग बाटलीच्या किमतीत फार अंतर नसतं. दिवसभर ट्रॉलरवर जाळं ओढून आलेला खलाशी किंवा चिऱ्याच्या खाणीवरचा माणूस तेवढ्याच पैशात दीडपट अल्कोहोल मिळत असेल तर दुसरं काही का घेईल? म्हणून स्ट्राँगचे बॉक्स संपतात, माइल्ड पडून राहते, पडून राहिली की दुकानदार मागवणं बंद करतो. मग तुम्ही येऊन म्हणणार, कोकणात लोकांना स्ट्राँगच आवडते!

आणि बांद्याच्या पलीकडे बघा. गोव्यात कर कमी, दुकानात वीस प्रकार, त्यांची स्वतःची किंग्ज आहे, हल्ली तिथले छोटे कारखाने आयपीएसुद्धा करतात. सावंतवाडीपासून ते सगळं हाकेच्या अंतरावर, पण परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा, नाक्यावर गाड्या तपासतात. एकाच मातीतली, एकच मासे खाणारी माणसं. अलीकडे एक चव, पलीकडे दुसरी. हा फरक वयाचा आहे की कराचा?

मिऱ्याबंदर

@तिठ्यावरचो, कराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मुंबईत राहणारे आपलेच चाकरमानी घ्या. त्यांच्यासमोर सगळं आहे, खिशातही आहे. त्यातले कितीतरी चाळिशीनंतर आपणहून माइल्डवर येतात आणि कितीतरी आयुष्यभर स्ट्राँगच मागवतात. दुकान एक, पगार सारखा, तरी वाटा वेगळ्या. हे फक्त कराने सुटत नाही.

खाडीपलीकडे

तुम्ही दोघंही शरीराला विसरलात.

वय वाढतं तसं अंगातलं पाण्याचं प्रमाण कमी होतं. त्यामुळे तिशीत जी बाटली सहज पचत होती तीच पन्नाशीत रक्तात जास्त अल्कोहोल सोडते, झोप मोडते, सकाळ खराब करते. माणूस स्ट्राँगवरून माइल्डवर येतो तो या कारणाने, आणि मग त्याला चवीचं नाव देतो. साठीनंतर वासाची जाणही हळूहळू बोथट होते. म्हणजे जीभ शिकते म्हणावं, तर ज्या वयात ती सगळ्यात शिकलेली असायला हवी त्याच वयात नाक साथ सोडू लागतं.

दुसरी गोष्ट कोकणाने फार गंभीरपणे घ्यायला हवी. बिअरमध्ये प्युरिन नावाची द्रव्यं असतात, त्यांपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं, आणि अल्कोहोलमुळे मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणं मंदावतं. तारली, बांगडा, तिसऱ्या, कोळंबी यांतही प्युरिन भरपूर. आपला आवडता बेत म्हणजे दोन्ही बाजूंनी भर. माझ्या घरात दोन पुरुषांना हे ॲसिड साचून होणारा गाऊट आहे. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत सुजून लाल होतो, अंगावरची चादर त्याला लागली तरी माणूस कळवळतो. त्यांची आवड बदलली नाही. बिअरचं नाव काढलं की आजही डोळे चमकतात. त्यांनी ती सोडली, एवढंच. सोडलेल्या गोष्टीला बदललेली चव म्हणू नका, त्यात त्या माणसांनी दाखवलेला संयम पुसला जातो.

मिऱ्याबंदर

संयमाबद्दल जे लिहिलंत ते मनापासून पटलं. पण स्ट्राँगवरून आयपीएकडे जाणं शरीराने कसं समजवाल? तीही अनेकदा ६-७ टक्क्यांची असते. शरीर थकलं म्हणून कोणी जास्त कडू मागत नाही.

कारीट

मी बाई आहे आणि बिअर पिते. हे आधी सांगते, कारण वरच्या सगळ्या प्रतिसादांत पिणारा "तो" आहे.

धागाकर्त्यांनी मांडलेली पायरी, म्हणजे आधी गोडसर, मग सुगंधी, मग कडू, आणि कडू हे उशिरा उमजणारं, ही मला मान्य नाही. कडू आपल्याकडे पोराटोरांच्या वयात येतं. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा, हे मी फ्रॉक घालायच्या वयापासून करत आलेय. त्यानंतर फराळ. आमच्याकडे कारल्याची भाजी गूळ न घालता होते. त्यामुळे पहिल्यांदा कडू बिअर प्यायले तेव्हा मला कसलीही शिकवणी लागली नाही, ती पहिल्या घोटाला आवडली.

पण ती माझ्या हातात यायला फार उशीर झाला, आणि त्याचं कारण चवीत शोधू नका. ग्रुपमध्ये ऑर्डर देताना माझ्यासाठी कोणीतरी परस्पर काहीतरी गोड, रंगीत मागवायचं. तालुक्याच्या परमिट रूममध्ये मी एकटी बसू शकत नाही. बिअर शॉपीच्या काउंटरवर उभी राहिले तर मागची रांग गप्प होते. म्हणून माझी बिअर वर्षानुवर्षं भावाने किंवा नवऱ्याने निवडली. जिची निवड दुसरेच करतात तिची चव वयाप्रमाणे बदलली की नाही, हे तुम्ही कसं मोजणार?

@तिठ्यावरचो यांच्या बाजूने माझं मत. फक्त त्यांच्या दुकानाच्या दारात अजून एक उंबरा आहे, तो त्यांनी मोजलेला नाही.

माडाखाली

आमचं घर भंडाऱ्यांचं. आजोबा माडावर चढायचे, वडील चढले, मी चढत नाही. म्हणून दोन शब्द.

बिअरच्या आधीही या किनाऱ्यावर आंबवलेलं पेय होतं. माडी सकाळी उतरवली की गोड असते. तिला कोणी यीस्ट घालत नाही, मडक्यातलं आणि हवेतलं जे आहे त्यावरच ती फसफसते. दुपारपर्यंत तिखट होते, संध्याकाळी आंबट, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेवर. ज्याने ती लहानपणापासून पाहिली त्याला एकाच दिवसात तिच्या सगळ्या चवी माहीत होतात. आणि आमच्यात जाणती माणसं संध्याकाळची आंबट माडी मागतात.

तुमची शिडी पिल्सनरवर संपते. माझ्या लेखी पिल्सनर ही शिडीच नव्हे. बेल्जियममध्ये लँबिक नावाची बिअर अशीच हवेतल्या यीस्टवर आंबवतात, जर्मनीत गोझे नावाची आंबट बिअर मीठ आणि धणे घालून करतात. मुंबईला मुलाने मला कोकम घातलेली आंबट बिअर पाजली. मला त्यात घर सापडलं. आयुष्यभर मी तुमची पिल्सनरसारखी गार लागर बिअर बेचव म्हणून बाजूला ठेवली, ती या वयातही मला बेचवच लागते. माझी चव बदलली नाही. मला हवं ते बाटलीत यायला फार वर्षं लागली.

आता चढणारे राहिले नाहीत, चांगली माडी मिळणं दुर्मीळ झालंय. त्याबद्दल कधीतरी वेगळा धागा काढा.

किचन_ते_किनारा

मालवण परिसरात एका रिसॉर्टचं बार-किचन सांभाळतो. सगळे जिभेबद्दल बोलताय, बाटलीबद्दल कोणीच नाही.

बिअर नाशवंत आहे. उष्णतेने ती लवकर म्हातारी होते, हॉप्सचा ताजेपणा जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उजेडाने वेगळंच नुकसान होतं: हॉप्समधली द्रव्यं मोडून गंधकाचा एक उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार कमी. आता एप्रिल-मेमधलं आपलं हवामान डोळ्यासमोर आणा. ट्रकमध्ये तापलेले बॉक्स, पत्र्याचं गोडाऊन, दुपारची गेलेली लाइट, फ्रीजमध्ये गार होऊन परत गरम झालेल्या बाटल्या.

मी पाहुण्यांना हिरव्या बाटलीचा तो दर्प आल्यावर "अस्सल परदेशी चव" म्हणताना ऐकलं आहे. ती उन्हाने बिघडलेली बिअर असते. उलट गावातले कितीतरी जण सांगतात, "माइल्ड एकदा घेतली होती, पाणचट लागली." वर तिठ्यावरचो यांनीच सांगितलं की माइल्ड पडून राहते. म्हणजे त्यांनी नाकारली ती माइल्ड नव्हती, सहा महिने पडलेली माइल्ड होती. हलक्या बिअरमध्ये शिळेपणा लगेच उघडा पडतो, स्ट्राँगमध्ये गोडवा आणि अल्कोहोल तो झाकतात. इथे स्ट्राँग टिकून राहिली त्यात याचाही वाटा आहे.

घेताना लेबलवरची तारीख वाचा. काचेच्या दर्शनी कपाटातली घेऊ नका, आतल्या बॉक्समधली मागा. आणि फ्रीजरमध्ये घालू नका. पिल्सनरला ५ ते ७ अंश पुरे.

मिऱ्याबंदर

@किचन_ते_किनारा, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. @कारीट, उंबऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मित्रमंडळात वाचून दाखवणार आहे, कारण तिथेही ऑर्डर एकच माणूस देतो.

तरी माझं मत मी सोडत नाही. एकाच दुकानातली, एकाच तारखेची, नीट ठेवलेली बिअर असली तरी पंचविशीतला मी आणि आजचा मी त्यात वेगवेगळ्या गोष्टी शोधू. तेव्हा मला बिअर जेवणाआधी संपवायची असे, आता जेवणासोबत पुरवायची असते. @माडाखाली यांची आंबट माडीची ओढसुद्धा मला शिकलेलीच जीभ वाटते, फक्त त्यांनी ती फार लवकर शिकून घेतली.

माडाखाली

लवकर शिकलो म्हणजे नंतर बदलली नाही, हेच तर मी म्हणतोय.

तिठ्यावरचो

किचनवाल्यांचा पटला. काल शॉपीत जाऊन तारखा बघितल्या, माइल्डचा पुढचा बॉक्स खरोखरच जुना होता. मालकाला सांगितलं तर म्हणाला, गिऱ्हाईक आधी सांगून ठेवत असेल तर ताजा माल दोन-तीन दिवसांत मागवतो, आगाऊ पैसे नकोत. माझं मत तेच, आधी दुकान. पण मे महिन्यात जे कोण गावाक येतले, त्यांनी निघण्याआधी दुकानात फोन करा आणि माइल्ड सांगून ठेवा. चार लोकांनी मागितली तर तो ती ठेवायला लागेल, मगे माझे वर्गमित्रही पिऊन बघतील. त्यानंतर या धाग्यावर परत बोलू.