शब्दचर्चा: ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र की गीत, आणि त्याची ‘चाल’ कोणाची?

प्रश्न: चर्चच्या स्मरणिकेसाठी ‘अमेझिंग ग्रेस’ या इंग्रजी ख्रिस्ती रचनेवर टिपण लिहिते आहे. ‘जॉन न्यूटन यांचे स्तोत्र, संगीतकार विल्यम वॉकर’ असं लिहिलं तर चालेल? की ‘भजन’ म्हणू?

उत्तर: ‘स्तोत्र’ टाळा. मराठी बायबलात ‘स्तोत्रसंहिता’ हे आख्खं पुस्तक आहे. ‘तेविसावं स्तोत्र’ म्हटलं की आपल्या वाचकाला तेच आठवतं. न्यूटनची रचना बायबलातली नाही. इंग्लंडमधल्या ओल्नी गावी तो पाळक होता, तिथे १ जानेवारी १७७३च्या उपदेशासाठी त्याने ती बहुधा लिहिली आणि १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात ती छापली गेली. ‘भजन’ रेव्हरंड टिळकांच्या रचनांना शोभतं, इथे नाही. ‘उपासनागीत’ किंवा नुसतं ‘गीत’ लिहा.

‘संगीतकार’ मात्र साफ चूक. वॉकर दक्षिण कॅरोलिनाचा. १८३५च्या ‘सदर्न हार्मनी’ या चालींच्या संग्रहात त्याने न्यूटनचे शब्द ‘न्यू ब्रिटन’ नावाच्या चालीवर बसवले. ती चाल १८२९च्या ‘कोलंबियन हार्मनी’त वेगळ्या नावांनी आधीच छापलेली होती. तिचा कर्ता अज्ञात आहे.

प्रश्न: चालीला स्वतंत्र नाव? आणि मग आधीची साठ वर्षं लोक हे गात कसे होते?

उत्तर: ज्या चाली मापात बसत, त्यांवर. गीताच्या ओळी आठ-सहा-आठ-सहा अवयवांच्या (इंग्रजीत ‘सिलेबल’) आहेत आणि हे इंग्रजी उपासनागीतांचं सर्वांत रुळलेलं माप. त्या मापाचं कोणतंही गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येतं, म्हणून चालींना स्वतःची नावं द्यावी लागली. मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप ज्याच्या कानात आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. एकच अभंग किती चालींवर ऐकतो आपण! संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच पदाचे शब्द छापलेले असत. म्हणून इथे ‘संगीत’, ‘धून’ नको, ‘चाल’च हवं.

आणखी एका वाचकाकडून: क्रियापदाकडेही बघा. ‘वॉकरने चाल बांधली’ म्हणजे त्याने ती रचली, असा अर्थ होईल. ‘चाल लावली’ दोन्हीकडे झुकतं. ‘प्रचलित चालीवर बसवले’ हेच नेमकं. वादकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते: या चालीत भूपाचेच पाच स्वर आहेत, सा रे ग प ध. राग भूप नव्हे, पण पेटीवर बसायला फार सोपी, आणि आपल्या गायकांच्या गळ्यात ती पटकन उतरते याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

प्रश्न: ‘दहा हजार वर्षं’ हे शेवटचं कडवं न्यूटनचंच ना?

उत्तर: नाही. ते आधीपासून वेगळं फिरत होतं. १८५२च्या ‘अंकल टॉम्स केबिन’ कादंबरीत गुलाम टॉम ते न्यूटनच्या कडव्यांना जोडून गातो, आणि पुढे ते तिथेच रुळलं. गुलामांच्या जहाजावर कप्तानी केलेल्या आणि १७८८ साली त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या न्यूटनच्या गीतात ते असं आलं, हे टिपणात जरूर लिहा. श्रेय असं द्या: ‘शब्द: जॉन न्यूटन (शेवटचे कडवे पारंपरिक). चाल: न्यू ब्रिटन, पारंपरिक. शब्द व चाल एकत्र: विल्यम वॉकर, १८३५.’