पश्चिमेच्या भिंतीवर काळी बुरशी आणि छताला ओल : आधी सफाई करून घ्यावी की आधी पाण्याचा उगम शोधावा?

घोडबंदरकर (प्रश्न)

आमची सदनिका ठाण्यात, सात मजली इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आहे आणि इमारतीला २२ वर्षे झाली आहेत. शयनगृहाची पश्चिमेकडील भिंत दर पावसाळ्यात, साधारण जुलैच्या सुरुवातीपासून, खिडकीच्या खाली ओलावते. रंगाला फुगे येतात, पुट्टीचे पोपडे पडतात आणि त्याच भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या मागे काळ्या ठिपक्यांची बुरशी पसरते. कपड्यांना येणारा कुबट वास दिवाळीपर्यंत जात नाही. याशिवाय त्याच खोलीच्या छतावर, वरच्या घराच्या न्हाणीघराखाली, ताटाएवढा पिवळसर डाग आहे. माझ्या आईला दम्याचा त्रास असल्यामुळे आम्ही गेल्या तीन वर्षांत दोनदा भिंत खरवडून रंग दिला, परंतु दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात तीच अवस्था झाली.

आता माझ्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका व्यावसायिकाचे म्हणणे असे की, तो खोलीत औषधाचे धुके सोडून बुरशी मारेल, त्यावर बुरशीरोधक रंग देईल आणि तीन वर्षांची हमी लिहून देईल. दुसरा म्हणतो की भिंतीचा आतला गिलावा काढून आतूनच वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले की पाणी कायमचे थांबेल. सोसायटीच्या समितीचे म्हणणे मात्र असे आहे की हा सदनिकेच्या आतला प्रश्न असून त्याचा खर्च आमचा आम्हीच करावा. यांपैकी कोणते काम आधी करावे आणि कोणाच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता

आपण वर्णन केलेल्या दोन जागा दोन निरनिराळ्या कारणांनी ओल्या होत असाव्यात, आणि दोन्ही प्रस्तावांतील मुख्य उणीव हीच आहे की पाणी कोठून येते हे न पाहता उपाय सांगितला गेला आहे. आतून वॉटरप्रूफिंग करण्याबद्दल प्रथम लिहितो, कारण त्यात पैसे सर्वाधिक वाया जातात. बाहेरच्या गिलाव्यातून आत शिरलेले पाणी विटांमध्ये साठते. आतल्या बाजूने त्याची वाट बंद केली की ते नाहीसे होत नाही, ते आडवे किंवा खाली सरकते आणि जेथे थर कच्चा असेल तेथे फुगा काढून बाहेर येते. पाण्याबरोबर आलेले क्षार त्या थरामागे स्फटिकरूपाने जमतात आणि थर भिंतीपासून सोडवतात. लोणा धरलेल्या भिंतीवरचे महागडे रंगही दोन वर्षांत का सोलतात, त्याचे कारण हेच आहे.

निदानासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दिनदर्शिका. छतावरचा डाग एप्रिल-मे महिन्यांतही ओला असतो का? तसे असेल तर त्याचा पावसाशी संबंध नाही, वरच्या न्हाणीघराशी आहे. पश्चिमेची भिंत मात्र केवळ पावसाळ्यात ओलावते, म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारी झड तिच्यावर थेट आदळते आणि कोठल्यातरी भेगेतून आत येते. अशा इमारतींत मला वारंवार सापडलेल्या जागा तीन आहेत: एक, काँक्रीटची तुळई आणि विटांचे बांधकाम जेथे मिळते तेथील आडवी भेग, कारण तेथे गिलाव्याखाली चिकन मेश (तारेची बारीक जाळी) बसवलेली नसते, दोन, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा आणि आतल्या बाजूला उतार असलेला खिडकीचा उंबरा, आणि तीन, एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक, जे बाहेरच्या बाजूला उतरते ठेवायचे असते, पण घाईत सरळ किंवा उलट्या उताराचे पाडले जाते.

आता एक चाचणी करावी. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा, भिंत कोरड्या कापडाने पुसून, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवावा. एक तुकडा खिडकीखाली आणि एक कपाटामागे. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला ओल दिसली तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूला दव दिसले तर हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर पाणी होऊन साचत आहे. पावसाने उघडीप दिलेली असताना ही चाचणी करू नये, नाहीतर खोटे समाधान मिळेल.

आपण रात्री एसी लावता का? ठाण्यात जुलैमध्ये हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे दव होऊ लागते तो, सुमारे २५ अंशांवर असतो. रात्रभर २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीच्या भिंती आणि लाकडी सामान सकाळी थंड असते, आणि एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्यांवर दव सोडते. कपाटामागे वारा फिरत नसल्यामुळे ते दव दुपारपर्यंत सुकत नाही, आणि बुरशीला एवढे पुरते.

सफाई-व्यवसायातील सदस्य

मी बुरशी काढण्याचेच काम करतो. धुके सोडण्याच्या प्रस्तावाबद्दल एवढेच सांगतो की मेलेली बुरशीही भिंतीवरच राहते आणि तिचे बीजाणू व तंतू दम्याच्या रुग्णाला जिवंत बुरशीइतकेच त्रासदायक ठरू शकतात. म्हणून बुरशी मारण्यापेक्षा ती काढणे महत्त्वाचे आहे. ज्याच्या दरपत्रकात ‘काढणे’ हा शब्दच नाही, त्याला मी काम दिले नसते.

काम नीट करायचे असेल तर खोलीतील कपडे, गाद्या आणि पडदे बाहेर काढावे लागतात, दारावर प्लास्टिकचा पडदा लावावा लागतो आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा ठेवावा लागतो, म्हणजे धूळ घरभर पसरत नाही. भिंत कोरडी खरवडू नये. प्रथम ती पाणी आणि साध्या साबणाच्या द्रावणाने ओली करून पुसावी, सैल झालेली पुट्टी ओली असतानाच काढावी, आणि काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा वापरावा. गुळगुळीत लॅमिनेट, काच आणि लोखंड धुता येते. बुरशी आत शिरलेला प्लायवूड, जिप्समचा बोर्ड किंवा गादीचा कापूस मात्र स्वच्छ होत नाही. तो पिशवीत बांधून टाकावाच लागतो. शेवटी सर्व पृष्ठभाग अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने साफ करावेत. घरगुती व्हॅक्यूम बारीक बीजाणू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो.

एक धोक्याची गोष्ट येथे लिहिणे आवश्यक वाटते. अनेक घरांत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड मिसळून भिंत घासली जाते. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. एकटे ब्लीचही गिलाव्यावर फारसे उपयोगी पडत नाही, कारण वरचा काळा रंग जातो, पण गिलाव्यात शिरलेले तंतू तसेच राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनात दहा चौरस फुटांपेक्षा कमी जागेतील बुरशी घरच्या माणसांनी काढण्यास हरकत नाही असे म्हटले आहे. आपली जागा तेवढीच असेल तर व्यावसायिकाची गरज नाही. परंतु आपल्या आईंना त्या दिवसांत त्या खोलीपासून, शक्य झाल्यास घरापासूनच, दूर ठेवावे.

माजी सचिव

समितीच्या उत्तराबद्दल लिहितो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि सामाईक बाहेरील नळांची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. शौचालय, न्हाणीघर, सिंक अशा सदनिकेच्या आतील गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा असतो. याचा अर्थ, पश्चिमेची भिंत बाहेरून भिजत असेल तर ते काम संस्थेचे आहे आणि छताचा प्रश्न आपला व वरच्या शेजाऱ्यांचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहू नयेत, कारण समिती सोयीची तेवढीच वाचते. छायाचित्रे आणि वरील चाचणीचा निकाल जोडून स्वतंत्र अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आपली इमारत जुनी असल्यामुळे आपल्याला लागू नाही, पण नव्या इमारतींतील वाचकांसाठी नोंदवतो: २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. तीन दिवस सलग पाऊस असताना चाचणी केली. खिडकीखालच्या प्लास्टिकमागे भिंतीकडील बाजू इतकी ओली होती की थेंब ओघळले. कपाटामागच्या तुकड्याची भिंतीकडील बाजू मात्र कोरडी निघाली आणि खोलीकडून धुरकट दव होते. आम्ही खरोखरच सकाळी एसी बंद करून लगेच खिडक्या उघडत होतो, कारण ‘खोली मोकळी झाली पाहिजे’ अशी आईची शिस्त आहे. छताचा डाग, आता आठवून पाहता, मे महिन्यातही होता. वरच्या मजल्यावरचे काका चाचणीला तयार आहेत. ती कशी करावी?

सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता

म्हणजे एकाच खोलीत तीन प्रकारचे पाणी आहे: झडीचे, दवाचे आणि वरच्या न्हाणीघराचे.

काकांच्या न्हाणीघरातील नाहणी ट्रॅपचे (फरशीतून सांडपाणी नळात सोडणाऱ्या भागाचे) तोंड बाहेरून पाणी जाणार नाही असे घट्ट बंद करावे, फरशीवर इंचभर रंगीत पाणी भरावे, पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करावी आणि ४८ तास थांबावे. पातळी वाफेमुळे किंचित उतरेल, त्याची चिंता करू नये. या काळात आपल्या छताला रंग आला तर फरशीखालचा जलरोधक थर गेलेला आहे. रंग आला नाही तर ट्रॅप उघडून बादलीभर पाणी एकदम सोडावे. त्यानंतर छत पाझरले तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या नळात आहे. दोन्ही वेळा छत कोरडे राहिले तर भिंतीतील दाबाच्या पाण्याच्या नळाकडे वळावे.

पश्चिमेच्या भिंतीचे बाहेरचे काम पावसाळ्यात करू नये. ओल्या गिलाव्यावर भरलेला मसाला धरत नाही आणि परांचीवर किंवा झुल्यावर माणूस चढवणे धोक्याचे असते. तूर्त खिडकीच्या चौकटीचा सांधा आणि एसीच्या नळीचे भोक हाताला लागेल तेथवर सीलंटने बंद करावे. आतला रंग आणि पुट्टी ओल आलेल्या पट्ट्यापुरती काढून गिलावा उघडा ठेवावा. खोली कुरूप दिसेल, पण भिंत सुकेल. नऊ इंची वीटकाम पूर्ण सुकायला काही महिने लागतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओली असते. म्हणून नव्या रंगाची घाई करू नये.

रत्नागिरीची वाचक

आमच्या जांभ्याच्या घरात ओल खालून, जोत्यातून, वर चढते, त्यामुळे आमचा प्रश्न वेगळा आहे. परंतु झडीबद्दल एक गोष्ट लिहावीशी वाटली. आमच्याकडे मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) झाप बांधण्याची पद्धत होती. पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. आता झाप गेले आणि त्यांच्या जागी पत्रा आला, तरी भिंत कोरडी राहते. आपल्या खिडकीवर छज्जा आहे का, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडण्यासाठी खाच आहे का, हेही पाहावे.

घोडबंदरकर

छज्जा आहे, खाच नाही. पाणी छज्जाच्या खालून मागे येत चौकटीवर उतरते, हे आज पावसात उभे राहून पाहिले. वरची चाचणीही झाली. ४८ तास रंगीत पाणी भरून ठेवले तेव्हा छत कोरडे होते, आणि ट्रॅप उघडून बादली ओतल्यावर तासाभरात डागाच्या मध्यभागी गुलाबी छटा उमटली. काका स्वतः खाली येऊन ती पाहून गेले आणि खर्च त्यांचा असल्याचे त्यांनीच सांगितले. त्यांच्या कंत्राटदाराचा आग्रह मात्र पूर्ण न्हाणीघर फोडण्याचा आहे.

सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता

फरशीचा थर चाचणीत उत्तीर्ण झाला आहे, तेव्हा ट्रॅपभोवतीच्या दीड-दोन फुटांतील फरशीच काढावी. ट्रॅप बदलून नळाभोवती न आकसणारे ग्राउट (फटी भरण्याचा पातळ मसाला) भरावे, जलरोधक थर ट्रॅपच्या तोंडात उतरवावा आणि फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून पाहावे. कंत्राटदार ही दुसरी चाचणी टाळू पाहील. तिच्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

घोडबंदरकर

समितीने बाहेरच्या भिंतीचे काम आणि छज्जाची खाच नोव्हेंबरमध्ये करण्याचे लेखी मान्य केले आहे. आम्ही दोन्ही प्रस्ताव परत पाठवले, भिंत उघडी ठेवली आहे आणि सकाळी खिडक्या उघडण्याआधी तासभर केवळ पंखा चालवतो. कपाटाची पाठ काढली तेव्हा प्लायवूडचे पापुद्रे हातात आले. नवे कपाट करताना भिंतीपासून किती अंतर सोडावे?

सफाई-व्यवसायातील सदस्य

किमान दोन इंच, आणि वर व खाली हवा जायला फट ठेवावी. कपाट पायांवर उभे करावे, जमिनीला टेकवू नये. शक्य असेल तर पश्चिमेची भिंत सोडून दुसऱ्या भिंतीला लावावे.