सहा रुग्णांचा अँटिबायोग्राम तंतोतंत सारखा: एमआरएसएचे जनुकीय टायपिंग कोणत्या पद्धतीने करावे?

प्रश्न (निवासी डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्र, मुंबई)

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. आमच्या अस्थिरोग विभागाच्या पुरुष वॉर्डात सात आठवड्यांत सहा रुग्णांच्या जखमेतल्या पुवातून एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मिळाला. सहाही जणांच्या हाडात प्लेट किंवा रॉड बसवलेला आहे. सेफॉक्सिटिनच्या ३० मायक्रोग्रॅम चकतीभोवतीचे, जिवाणू न वाढलेले वर्तुळ सहाही प्लेटांवर १२ ते १५ मिलिमीटर भरले. २१ किंवा त्याहून कमी भरले की आपण एमआरएसए म्हणतो. एरिथ्रोमायसिनच्या चकतीकडे असलेल्या बाजूने क्लिंडामायसिनचे वर्तुळ प्रत्येक वेळी तसेच सपाट झाले आणि बाकीच्या औषधांचे निकालही जुळले. म्हणजे अँटिबायोग्राम, अर्थात कोणते औषध चालते आणि कोणते नाही याचा तक्ता, सहाही जणांचा सारखाच आहे.

वॉर्डात जखमा बांधणाऱ्या एका ड्रेसरच्या नाकातूनही एमआरएसए मिळाला आणि त्याचा अँटिबायोग्रामही हाच आहे. त्यामुळे बैठकीत सगळा रोख त्याच्यावर गेला. हे काका बावीस वर्षे याच वॉर्डात काम करत आहेत. केवळ चकत्यांच्या भरवशावर त्यांच्यावर ठपका येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढणारे) आहे, सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणे, बाहेरून करून घ्यावे लागेल आणि निधी बेताचा आहे. टायपिंगसाठी, म्हणजे जिवाणूचे वाण ओळखण्यासाठी, कोणती पद्धत निवडावी? आणि संसर्ग त्यांच्याकडून रुग्णांना झाला की नाही, हे टायपिंगवरून सांगता येते का?

उत्तर १ (आण्विक निदान प्रयोगशाळा, मुंबई)

अँटिबायोग्राम सारखा आहे म्हणून वाण एकच आहे, असे धरू नका. बरीच प्रतिरोधक जनुके प्लाझ्मिडांवर आणि ट्रान्सपोझॉनांवर, म्हणजे डीएनएच्या फिरत्या तुकड्यांवर, बसलेली असतात. ती येतात आणि जातात. शिवाय एकाच शहरात तीच औषधे वर्षानुवर्षे वापरली गेली की नात्याने दूर असलेले वाणही औषधांपुढे सारखेच वागू लागतात.

पूर्वी अशा प्रश्नाला पीएफजीई (पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस) हेच उत्तर असे. अ‍ॅगारोजच्या छोट्या ठोकळ्यात जिवाणू कोंडायचे, त्यांची भिंत लायसोझाइमला बधत नाही म्हणून लायसोस्टाफिनने फोडायची, एसएमए-वन विकराने डीएनएचे मोजके मोठे तुकडे करायचे आणि ते जेलवर साधारण वीस तास चालवायचे. मी ते अनेक वर्षे केले आहे. पट्टे सुरेख दिसतात, पण एका प्रयोगशाळेच्या जेलची दुसरीच्या जेलशी तुलना करताना दमछाक होते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये.

एमएलएसटीमध्ये (मल्टिलोकस सिक्वेन्स टायपिंग) सात जनुकांचे तुकडे वाचून वाणाचा एसटी क्रमांक मिळतो. दोन्ही बाजूंनी वाचायचे म्हणजे एका आयसोलेटला (नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूला) १४ सिक्वेन्सिंग अभिक्रिया लागतात, आणि तुमच्या सात आयसोलेटांना ९८. स्पा टायपिंगमध्ये प्रथिन ए च्या जनुकाचा एकच भाग वाचायचा असतो. त्यात साधारण २४ बेसची (डीएनएच्या अक्षरांची) एकके एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रम व संख्या यांवरून टी क्रमांक ठरतो. सातही आयसोलेटांचे काम १४ अभिक्रियांत होईल. त्याच्या जोडीला तुमच्याच यंत्रावर मेक-ए, एससीसीमेकचा प्रकार आणि पीव्हीएल विषाची जनुके यांचे पीसीआर करा. मेथिसिलिनला दाद न देण्याची क्षमता देणारे मेक-ए जनुक ज्या फिरत्या जनुकखंडावर असते तो एससीसीमेक. प्रकार एक ते तीन परंपरेने रुग्णालयातल्या वाणांत, तर चार आणि पाच हे आटोपशीर प्रकार समाजात पसरलेल्या वाणांत अधिक दिसत आले.

आता खरी मेख सांगतो. आपल्या रुग्णालयांत एकेकाळी एसटी२३९ आणि एससीसीमेक तीन या जोडीचे राज्य होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्याच अभ्यासात एसटी२२ (एससीसीमेक चार) आणि एसटी७७२ (एससीसीमेक पाच) हे वाण पुढे आलेले दिसले. एसटी७७२ ला बंगालच्या उपसागराचा क्लोन म्हणतात. त्याचा नेहमीचा स्पा प्रकार टी६५७, आणि त्यात पीव्हीएल बहुधा असते. म्हणजे सातही आयसोलेट टी६५७ निघाले, तर आपल्या भागात जो वाण सर्रास सापडतो तोच सापडला, एवढेच सिद्ध होईल. प्रकार वेगळे निघाले, तर मात्र अलीकडच्या संक्रमणाची शक्यता मोडीत निघते. टायपिंगने माणूस निर्दोष ठरवणे सोपे असते, दोषी ठरवणे फार अवघड.

उत्तर २ (संसर्ग नियंत्रण परिचारिका, ठाणे)

डॉक्टर, नमुने पाठवण्याआधी तारखा मांडा. प्रत्येक रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता, खाट नसल्याने किती दिवस जमिनीवरच्या गादीवर होता, शस्त्रक्रिया कोणत्या टेबलावर झाली, पू प्रथम कधी दिसला, हे एका मोठ्या कागदावर आडव्या रेघांनी काढा. आपल्याकडे येणाऱ्या अपघाताच्या रुग्णांपैकी कितीतरी जण आधी कल्याण, भिवंडी किंवा पालघरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये दोन-चार दिवस राहून आलेले असतात. दाखल होतानाचा स्वॅब घेतला नसेल, तर तो जिवाणू आपल्या वॉर्डाने दिला की रुग्णाबरोबर आला, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

ड्रेसरकाकांचा स्वॅब कधी घेतला? सहा रुग्णांच्या जखमा सात आठवडे रोज उघडून बांधल्यावर घेतला असेल, तर त्यांना रुग्णांकडून लागण झाली असणेही तितकेच शक्य आहे. ट्रॉलीवरचा एकच ड्रम, एकच चिकटपट्टीचे रीळ, पदराने हात पुसणाऱ्या मावशी आणि नळाला पाणी नसलेली दुपार, या सगळ्यांची चौकशी झाल्याशिवाय एका माणसाचे नाव घेऊ नये. त्यांच्या नमुन्यावर नाव न लिहिता संकेतांक लिहा. त्यांचा आयसोलेट गोठवून ठेवला की २ टक्के मुपिरोसिन मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस नाकात लावायला द्या आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ सांगा. त्यासाठी टायपिंगच्या अहवालाची वाट पाहू नका.

उत्तर ३ (जिनोम विश्लेषण, पुणे)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. स्पा प्रकार जुळलेले आयसोलेटच संपूर्ण जिनोम सिक्वेन्सिंगला पाठवा, म्हणजे पैसे वाचतील. या जिवाणूच्या जिनोममध्ये साधारण २८ लाख बेस असतात आणि त्यात ढोबळमानाने सहा आठवड्यांत एक बदल साचतो. २०२० च्या एका अभ्यासाने गेल्या सहा महिन्यांतील संक्रमण नाकारण्यासाठी २५ एसएनपींची (एकेका बेसच्या फरकांची) सीमा सुचवली. फरक त्याहून जास्त असेल, तर थेट संबंध नाही असे धरता येते. कमी असेल तर संबंध संभवतो, पण कोणी कोणाला दिला याची दिशा त्या आकड्यात नसते.

२०११ मध्ये केंब्रिजच्या नवजात बालकांच्या कक्षात असाच पेच पडला होता. तेथे १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एकाकडे एमआरएसए मिळाला. त्या व्यक्तीच्या एका कॉलनीवर (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या एका ठिपक्यावर) न थांबता वीस कॉलनी वाचल्या गेल्या, कारण नाकात बराच काळ राहिलेल्या जिवाणूंत आपसांतही फरक साचतात, आणि हाती आलेली एखादी कॉलनी रुग्णाच्या कॉलनीपासून उगाच दूर किंवा जवळ वाटू शकते. तुम्हाला वीस परवडणार नाहीत, पण ड्रेसरांच्या निदान चार-पाच वेगळ्या कॉलनी जपून ठेवा. तसेच त्याच महिन्यांतले दुसऱ्या वॉर्डांतले काही एमआरएसए तुलनेसाठी घ्या. शेजारी कसा दिसतो हे ठाऊक नसेल, तर सख्खे कोण हे कळत नाही.

आणखी एक सूचना. सुमारे १५० बेसच्या छोट्या वाचनांत स्पाची पुनरावृत्त एकके आणि एससीसीमेक यांची जोडणी कधीकधी तुटते. म्हणून पीसीआर आणि सँगरचे (स्पा टायपिंगसाठी केलेल्या सिक्वेन्सिंगचे) निकाल फेकून देऊ नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनी

सर्वांचे आभार. स्पा टायपिंगचे निकाल आले. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा रुग्ण टी६५७ निघाले. त्यांच्यात एससीसीमेक पाच आणि पीव्हीएल आहे. तिसरा आणि सहावा रुग्ण टी८५२ आहेत, एससीसीमेक चार. ड्रेसरकाकांचा आयसोलेटही टी८५२ आहे. म्हणजे ज्या चौघांमुळे बैठकीत आवाज चढले होते, त्यांच्याशी काकांच्या नाकातल्या जिवाणूचा संबंध नाही. अँटिबायोग्राम मात्र सातही जणांचा सारखाच होता, हे अजूनही माझ्या मनातून जात नाही.

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे तारखांचा कागद मांडला. टी६५७ च्या चौघांपैकी तिघे खिडकीकडच्या एकाच रांगेत, एकमेकांच्या दिवसांत मिसळून राहिले होते. पहिला रुग्ण बाहेरच्या नर्सिंग होममधून जखम वाहत असतानाच आला होता आणि त्याचा दाखल होतानाचा स्वॅब नव्हता. काकांचा स्वॅब सहाव्या रुग्णाचे ड्रेसिंग सुरू झाल्यानंतर नवव्या दिवशी घेतला होता, हेही त्याच कागदावर दिसले.

हा कागद मी विभागप्रमुखांना दाखवला. काकांचा मुपिरोसिनचा कोर्स पूर्ण झाला असून ते पुन्हा कामावर आहेत. टी६५७ चे चार, तिसऱ्या आणि सहाव्या रुग्णाचे दोन, काकांच्या पाच कॉलनी आणि दुसऱ्या वॉर्डांतले आठ आयसोलेट ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवले आहेत. ते सोमवारी सिक्वेन्सिंगला जातील, आणि नळ्यांवर फक्त संकेतांक आहेत.