मुलांची खोली, सतरा कामं आणि भिंतींचे रंग: तुमचे अनुभव लिहा

पाथर्डी फाटा (धागाकर्ती)

नमस्कार नाशिककर मंडळी. आमचं घर टू बीएचके. दुसरी खोली लेकीची म्हणायची, पण ती एकटीची कधीच नव्हती. साधारण दहा बाय अकराच्या त्या खोलीत तिचं टेबल, सासूबाईंचा पलंग, माझं शिलाई मशीन. आणि नवरा घरून काम करतो त्या दिवशी त्याचा लॅपटॉपही तिथेच. पार्टिशनला जागा नाही, नवं फर्निचर घ्यायचं नाही. दिवाळीआधी घराला रंग द्यायचाच आहे, तर रंगानेच खोलीचे भाग पाडावेत असं मनात आहे. चार भिंतींना चार रंग मात्र नकोत, सासूबाईंनाही तिथे निवांत पडता आलं पाहिजे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा. खिडकी कुठल्या दिशेला, काय टिकलं, मूल मोठं झाल्यावर त्या रंगाचं काय झालं, सगळंच.

गंगापूर रोड

आम्ही भिंत धरून नाही, काम धरून रंग लावला. मुलाचा पलंग कोपऱ्यात आहे. त्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर फक्त पलंगाच्या लांबी-रुंदीएवढा गडद मोरपंखी, खालपासून छतापर्यंत. आणि छतावरही तेवढाच चौकोन. बाकी खोली सायीच्या रंगाची. छतावरचा तो तुकडा सोडू नका, त्यानेच कोपऱ्याला खोलीपण येतं. मुलगा आधी गृहपाठ पलंगावर लोळत करायचा. रंग झाल्यावर 'मोरपंखीत अभ्यास नाही' हा नियम त्यानेच काढला आणि आम्हालाही लावला, आता तिथे बसून ऑफिसचे फोनही घेता येत नाहीत.

एक बारकावा सांगते. दोन रंगांची कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावतात, तरी खालून रंग झिरपतो. आमच्या रंगाऱ्याने टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी जुनाच, म्हणजे सायीचा हात मारला. झिरपायचं ते सायीतच सायी झिरपलं, फट बुजली, मग वरून मोरपंखी. आणि शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढली. कड इतकी धारदार आलीय की पाहुणे बोट फिरवून बघतात.

जुनं नाशिक

आमचा वाडा, जाड भिंती, चुन्याचा गिलावा, खिडकी एकच आणि तीही बोळात उघडणारी. अशा घरांत प्लास्टिक पेंट मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जाड भिंतीत ओल असतेच, तिला बाहेर पडायला वाट लागते. वरून रंगाचा पापुद्रा बसला की पोपडे धरतात. आम्ही चुन्याचाच हात दिला, त्यात पिवळी माती.

पिवळा का, तर मुलांनी ठरवलं. रंगपंचमीला आमच्याकडे रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. दोघांनाही आपल्या खोलीला 'आपला रंग' हवा होता. तेव्हा मला पांढराच बरा वाटत होता, पण अंधाऱ्या खोलीत पांढरा राखाडी दिसतो हे शेजारच्या खोलीत रोज बघतेय. फिका पिवळा त्याच उजेडात ऊबदार राहिला. त्याच खोलीत दुपारी मुलांचे आजोबा पोथी वाचतात, त्यांचीही तक्रार नाही.

नाशिकरोड

थोडा वेगळा अनुभव. माझ्या मुलीला कमी दिसतं. तिच्यासाठी रंग म्हणजे सजावट नाही, वाट आहे. खोली फिकी ठेवली. दाराची चौकट गडद निळी, स्विचबोर्डांमागे त्याच निळ्याचा वीतभर चौकोन, कपाटाच्या कडेला उभा पट्टा. पलंगामागची भिंत चादरीपेक्षा अगदी वेगळ्या रंगाची, म्हणजे पलंग कुठे संपतो ते कळतं. रंग सगळे मॅट. चकचकीत भिंतीवर ट्यूबलाइट परावर्तित होते आणि तिचे डोळे दिपतात. याच खोलीत माझी शिकवणी चालते. येणाऱ्या मुलांना खोली नुसती छान दिसते; माझी लेक मात्र तिथे हात न चाचपता फिरते. पहिल्यांदा तिने स्वतःहून जाऊन दिवा लावला, त्या दिवशी मी शिकवणी मध्येच सोडून तिला जवळ घेतलं होतं.

सातपूर

मी रंगकाम करतो. ताई, रंग कुठला ते नंतर ठरवा, आधी पश्चिमेची भिंत बघा. आपल्याकडे पावसाची झड तिकडून येते. बाहेरच्या भेगा भरल्याशिवाय आत कितीही भारी इमल्शन मारलं तरी फुगणार. भिंत पूर्ण वाळल्यावरच लांबी (पुट्टी) भरायची. नवीन प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस थांबायचं.

दुसरं, आणि हे कळकळीने सांगतो. घर जुनं असेल आणि दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. पाणी मारून घासा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. नवा रंग 'लो व्हीओसी', म्हणजे हवेत रसायनांच्या वाफा कमी सोडणारा, मागा. त्यातही खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस वास जाऊ द्या, मगच मूल तिथे झोपवा.

म्हसरूळ

दोन मुली, एक खोली, आणि तिथेच माझा तबल्याचा रियाज. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गेरूच्या रंगाचा पट्टा काढला, वर सगळं फिकं. हात, पाय, बॉल, सगळ्यांचे डाग त्या पट्ट्यातच लागतात, तेवढाच पट्टा पुन्हा मारून घेतो. गेरूवर मुलींनी पांढऱ्याने वारली चित्रं काढली. पेठ-सुरगाण्याकडे नातलग आहेत, तिथल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं त्यांनी लहानपणापासून पाहिलीत. धाकटीने तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) नाचाच्या फेरात एक माणूस तबला घेऊन बसवलाय. थोरली आता दहावीला आहे. पट्टा आता पुसून टाकायचा का विचारलं तर 'हात लावू नका' म्हणाली.

इंदिरानगर

फळ्याचा रंग लावणार असाल तर वाळल्यावर लगेच लिहू नका. आधी खडू आडवा धरून सगळ्या भिंतीवर घासा, पुसा, मग लिहा. नाहीतर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. घरात कुणाला दमा असेल तर मात्र खडूची धूळ नकोच.

पाथर्डी फाटा (धागाकर्ती)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं. पलंगामागचा रंग त्या निवडणार, टेबलाकडचा लेक. आमची पश्चिमेची भिंत हाताला गार लागतेय, म्हणून रंग पुढे ढकलून आधी बाहेरचं काम काढतोय. सातपूरचे दादा, दहा बाय दहाच्या एका भिंतीला रंग किती लागेल?

सातपूर

एक लिटरमध्ये दोन हात मारून साधारण 60-70 चौरस फूट होतं. दीड-पावणेदोन लिटर धरा. शेड मशीनवर बनवून घेणार असाल तर एकदमच घ्या, आणि उरलेला डबा झाकण घट्ट लावून ठेवा. डाग झाकायला तोच उपयोगी पडतो.