ब्राझील 94 ची जर्सी आणि एक जुना ट्रेनिंग टॉप, ओरिजिनल आहेत का कसं ओळखायचं?

मंडळी, जरा मदत हवीये. मी क्लबच्या जर्सीच्या वाटेला जात नाही, फक्त देशांच्या फुटबॉल टीमच्या जमवतो, त्यातही 1986 ते 98 मधल्या. आता ऑनलाइन एकाकडे दोन वस्तू एकत्र मिळतायत आणि तो दोन्ही मिळूनच देणार म्हणतो, म्हणून अडलंय.

पहिली ब्राझीलची पिवळी, अंब्रो कंपनीची जर्सी. कापडातच मोठे सीबीएफचे (ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे) लोगो विणलेत, उजेडात तिरकं धरलं की दिसतात, ते फोटोत व्यवस्थित आलंय. पाठीवर हिरवा 11, नाव नाही. विकणारा छातीठोकपणे सांगतो की ही 94 च्या वर्ल्डकपची प्लेयर इश्यू, म्हणजे खुद्द खेळाडूंसाठी बनवलेली. पण लोगोवर तारे चार आहेत, जिंकलेल्या प्रत्येक वर्ल्डकपचा एक! चौथा तारा तर ती फायनल जिंकल्यावर आला ना? मग ही नंतरची आहे की सरळ डुप्लिकेट?

दुसरा आदिदासचा ट्रेनिंग टॉप, तीन पानांचा जुना लोगो, छातीवर जर्मनीचा गरुड, आत 'मेड इन वेस्ट जर्मनी'चं लेबल. मला खरं तर हाच हवाय, कारण जर्सीचे फोटो ढिगाने सापडतात पण ट्रेनिंगचे कपडे कुठल्या साली वापरले याचा पत्ता लागता लागत नाही.

आणि एक, 11 आकडा चिकट झालाय, प्लास्टिकची पिशवी त्याला चिकटून बसलीये. काय करावं?

प्रतिसाद १:
चार तारे म्हणजे डुप्लिकेटच असं नाही, नाइकी येईपर्यंत ब्राझील अंब्रोच घालत होतं, त्यामुळे 94 नंतरची अस्सल रेप्लिका, म्हणजे कंपनीनेच चाहत्यांसाठी दुकानात विकलेली, असू शकते. पण प्लेयर इश्यू विसरा. 94 चा वर्ल्डकप हा पाठीवर खेळाडूंची नावं असलेला पहिला वर्ल्डकप, मग त्यात ब्राझीलकडून 11 नंबर घालणाऱ्या रोमारिओची जर्सी बिननावाची कशी असेल? आकडा कुणीतरी नंतर छापून घेतला असणार. रेप्लिकाच्या भावात मिळत असेल तर घ्या.
पिशवी ओढू नका हां, आकडा तिच्याबरोबर निघून येईल. सावलीत थंड जागी ठेवून कडेने सावकाश सोडवा, इस्त्री अजिबात नको. पुढे प्लास्टिकऐवजी बिनअ‍ॅसिडचा पातळ कागद मध्ये घालून ठेवा.

प्रतिसाद २:
टॉपबद्दल सांगतो. वेस्ट जर्मनीत शिवला म्हणजे वेस्ट जर्मनीच्या टीमचा झाला असं नसतं राव, आदिदासचा साधा दुकानातला टॉप घेऊन त्यावर गरुड शिवणारे बरेच आहेत. आतल्या बाजूने गरुडाच्या मागचा फोटो मागवा. दोऱ्याचा रंग बाकीच्या शिवणीपेक्षा वेगळा आहे का, आधीच्या कुठल्या बिल्ल्याची सुईची भोकं राहिलीत का, अस्तर असेल तर टाके त्यातून आरपार गेलेत का, हे बघा. नुसत्या लोगोवर जाऊ नका, 91 मध्ये आदिदासच्या 'इक्विपमेंट' मालिकेचा तीन तिरक्या पट्ट्यांचा लोगो आला हे खरं, पण तीन पानांवाला पुढे आदिदासच्याच 'ओरिजिनल्स' नावाच्या मालिकेतल्या कपड्यांवर परत आलाच की. तसल्या नव्या मालात शिवणीला दहा भाषांतलं लांबलचक धुण्याचं लेबल आणि आर्टिकल नंबर असतो, तो नंबर नेटवर टाकला की लगेच कळतं.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांना! गरुडाच्या मागचा फोटो मागितलाय, तर म्हणतो 'कशाला पाहिजे'. आला तर इथे टाकतो, नाही आला तर दोन्ही सोडून देतो.