आफ्रिकेतील तेलशुद्धीकरण : कागदावरची क्षमता किती खरी धरावी आणि यंत्रसामग्री देताना काय पाहावे?

लोटेवाला (खेड, रत्नागिरी)

नमस्कार. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. रासायनिक कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, रिॲक्टर आणि हीट एक्स्चेंजर आम्ही गेली पंधरा वर्षे बनवत आहोत. मागच्या महिन्यात टांझानियातील सिंगिडा येथून विचारणा आली, की रोज 50 टन खाद्यतेल शुद्ध करणाऱ्या प्लान्टची व्हेसल (प्रक्रियेची बंद पात्रे) बनवून मिळतील का. सोबत एक ड्रॉइंग आले आहे, पण ते पामतेलाच्या एखाद्या जुन्या प्लान्टचे असावे असे वाटते.

निर्यातीचे काम आम्ही आजवर केलेले नाही. आफ्रिकेविषयी वाचू लागलो तेव्हा गोंधळ अधिकच वाढला. एकीकडे कच्च्या तेलाच्या आणि खाद्यतेलाच्या रिफायनऱ्यांच्या क्षमतेचे मोठमोठे आकडे दिसतात, तर दुसरीकडे तेच देश पेट्रोलही बाहेरून आणतात आणि पामतेलही. मग या क्षमतेचा अर्थ काय घ्यायचा? आणि असा प्लान्ट देताना आमच्यासारख्या लहान कारखानदाराने नेमके काय तपासून पाहावे? ज्यांनी तिकडे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उरणकर

माझी सारी नोकरी मुंबईतील एका रिफायनरीच्या देखभाल विभागात गेली आणि निवृत्तीनंतर दोन वर्षे मी पश्चिम आफ्रिकेत कंत्राटावर होतो. त्यामुळे कच्च्या तेलापुरतेच लिहितो.

पाटीवरची क्षमता आणि प्रत्यक्ष चालणारी क्षमता यांत आफ्रिकेत फार मोठे अंतर असते, हे आधी मनाशी पक्के करा. नायजेरियाच्या पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना येथील सरकारी रिफायनऱ्या मिळून रोज 4,45,000 बॅरल क्षमतेच्या आहेत, पण त्या वर्षानुवर्षे जवळजवळ बंदच राहिल्या. पोर्ट हारकोर्टचा जुना भाग नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झाला आणि मे 2025 मध्ये देखभालीसाठी पुन्हा थांबला. दक्षिण आफ्रिकेतील डरबनची 1,80,000 बॅरलची सॅप्रेफ रिफायनरी 2022 साली थांबली, तर त्याच शहरातील दुसरी रिफायनरी डिसेंबर 2020 च्या आगीनंतर पुन्हा उभी राहिलीच नाही. मोम्बासाची रिफायनरी 2013 पासून कच्चे तेल शुद्ध करीत नाही, तिच्या टाक्या आता साठवणुकीसाठी वापरतात. दार-ए-सलामहून झांबियातील एन्डोला येथे जाणारी जुनी पाइपलाइन तिकडच्या रिफायनरीला कच्चे तेल पुरवण्यासाठी टाकली होती, आज तिच्यातून तयार डिझेल जाते. या साऱ्या नावांपुढचे आकडे बेरजेत कायम राहतात आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

याच्या दुसऱ्या टोकाला लागोसजवळच्या लेक्की येथील डांगोटे रिफायनरी आहे. रोज 6,50,000 बॅरल, आणि तेही एकाच ओळीत, म्हणजे कच्चे तेल उकळून वेगळे करणारा मुख्य स्तंभ एकच. जानेवारी 2024 मध्ये तिथे डिझेल आणि विमानाचे इंधन निघू लागले, पेट्रोल त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. आपल्याकडच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो : रोजच्या एका बॅरलला वर्षाचे साधारण 50 टन धरतात, त्या हिशेबाने ती सव्वातीन कोटी टनांची होते. आपल्या नाणारला 6 कोटी टनांची प्रस्तावित होती, म्हणजे तिच्या निम्म्याहून थोडी अधिक. (नाणार आणि बारसूचा वाद वेगळा आणि गंभीर आहे, त्यात इथे शिरत नाही.) या प्रकल्पाला अभियांत्रिकी सल्ला आपल्या इंजिनीअर्स इंडियाने दिला होता, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते.

रिफायनरी बंद पडते ती बहुधा स्तंभ फुटला म्हणून नव्हे. पंपाचे सील वेळेवर मिळत नाही, वीज टिकत नाही, कच्चे तेल येत नाही आणि सुट्या भागांसाठी परकीय चलन हाती नसते. हे चारही प्रश्न तुमच्या 50 टनांच्या प्लान्टलाही तितकेच लागू आहेत.

गुहागरचा केमिस्ट

मी मोम्बासातील एका खाद्यतेल कारखान्यात अकरा वर्षे शिफ्ट केमिस्ट होतो. लोटेवाला साहेब, माझा पहिला सल्ला असा की किती टन हे विचारण्याआधी कोणते तेल हे विचारा. मोम्बासा आणि दार-ए-सलाम या बंदरांवरचे मोठे कारखाने मलेशिया-इंडोनेशियाहून येणाऱ्या क्रूड पामवर चालतात, पण सिंगिडा आणि डोडोमा हा भाग सूर्यफुलाचा आहे. दोन्ही तेलांचा प्लान्ट एकसारखा नसतो.

पामतेलातील आम्ल काढण्यासाठी कॉस्टिक सोडा लागत नाही. डिगमिंग (चिकट गम काढणे) आणि ब्लीचिंग (रंग काढणे) झाले की ते आम्ल 240 ते 260 अंशांवर, 2 ते 4 मिलिबार इतक्या निर्वातात वाफेनेच उडवून लावतात; त्यातच वासही जातो, म्हणून या टप्प्याला डिओडरायझेशन म्हणतात. पुढे फ्रॅक्शनेशनने, म्हणजे थंड करून गाळून, पातळ पामोलीन आणि घट्ट स्टिअरिन वेगळे करतात. सूर्यफुलाला सहसा कॉस्टिकचे न्यूट्रलायझेशन (आम्ल मारणे), धुलाई, त्यातून निघणाऱ्या साबणी गाळाची व्यवस्था आणि शिवाय मेण काढण्याची सोय लागते, कारण मेण राहिले तर गार रात्री बाटलीच्या तळाशी ढगासारखा गढूळपणा धरतो. मेणासाठी तेल हळूहळू थंड करून कित्येक तास ढवळत ठेवावे लागते, म्हणजे चिलर, जॅकेटच्या टाक्या आणि वेगळा फिल्टर आला. तुमच्याकडचे ड्रॉइंग पामचे असेल तर यातले काहीच त्यात नसणार.

आता निर्वाताविषयी, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान तिथेच होते. आमच्या कारखान्यात एका रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पण निर्वात टिकवणाऱ्या कंडेन्सरच्या पाण्याचा पंप त्या जनरेटरवर जोडलेलाच नव्हता. निर्वात तुटला आणि 250 अंशांच्या तेलात हवा शिरली. साइट ग्लासमधून फिकट सोनेरी दिसणारे तेल माझ्या डोळ्यांदेखत कोऱ्या चहासारखे झाले. तेलाची ती सारी खेप परत ब्लीचिंगला घ्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की तो पंप जनरेटरवर घ्या, निर्वात तोडताना हवेऐवजी नायट्रोजन आत सोडण्याची जोडणी द्या आणि तेल बाहेर काढण्यापूर्वी व्हेसलमध्येच थंड करण्याची कॉइल ठेवा.

तेल तापवण्यासाठी खरेदीदार थर्मिक फ्लुइड (नळ्यांतून फिरणारा गरम द्रव) मागेल, कारण ते स्वस्त पडते. शक्यतो उच्च दाबाच्या वाफेचा छोटा बॉयलरच सुचवा. 1968 साली जपानमध्ये डिओडरायझेशनच्या पाइपमधून तापवण्याचा द्रव, म्हणजे पीसीबी हे विषारी रसायन, राइस ब्रॅन (तांदळाच्या कोंड्याच्या) तेलात गळला आणि शेकडो कुटुंबांना विषबाधा झाली. त्या आजाराला तिकडे युशो म्हणतात. अकरा वर्षांनी तैवानमध्ये तसेच घडले. आजचे थर्मिक फ्लुइड पीसीबी नसते, तरीही लोकांच्या खाण्यात जाणाऱ्या वस्तूपासून ते एका पातळ नळीइतक्या अंतरावर असावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

शेवटी व्हिटॅमिन ए. टांझानिया आणि केनियात कारखान्यातील खाद्यतेलात ते मिसळणे बंधनकारक आहे, म्हणून डोसिंग पंप आणि मिसळण्याची टाकी कोटेशनमध्ये आत्ताच धरा.

वेंगुर्ल्याची घाणेवाली

आमचा खोबरेलचा घाणा आहे, रिफायनरीतले मला फारसे कळत नाही, पण गिरणीचे कळते. माझे दीर डोडोमाला एक्सपेलर (बी दाबून तेल काढायचे यंत्र) बसवायला गेले होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे लिहिते. तिकडे पाऊस एकदाच आणि सूर्यफुलाचे पीकही एकदाच. बी हाताशी असते तेवढे महिने गिरणी चालते, मग कुलूप. रोज 50 टन तेल शुद्ध करायचे तर सव्वाशे-दीडशे टन बी रोज दाबावे लागेल, आणि ते वर्षभर कोठून येणार हे खरेदीदाराला जरूर विचारावे. आमच्याकडेही सुके खोबरे सरले की घाणा थांबतोच, म्हणून मला हे आधी सुचले.

दुसरे म्हणजे तिथल्या खेड्यांत नुसते गाळलेले, वासाचे तेलच लोकांना आवडते, जसे आपल्याकडे वास नसलेले खोबरेल जुनी माणसे हातात घेत नाहीत. त्यांच्या खरेदीदाराचे गिऱ्हाईक शहरातले आहे की खेड्यातले, यावर प्लान्टचा आकार ठरेल. आणखी एक, आपल्या डोंगरावरचे कारळे मुळात इथिओपियाचे, तिकडे त्याला नूग म्हणतात आणि त्याचे तेल घरोघरी खातात. पुढे कधी तिकडून विचारणा आली तर तेल अनोळखी वाटायला नको.

उरणकर

ताईंचा मुद्दा अगदी मोलाचा आहे. वाहतुकीचे दोन शब्द माझ्याकडून. कंटेनरचे दार साधारण 2.34 मीटर रुंद असते, त्यामुळे व्हेसलचा व्यास नोझलसकट (पाइप जोडायच्या तोंडांसकट) 2.2 मीटरच्या आत ठेवलात तर फ्लॅट रॅकचे (बाजू उघड्या असलेल्या कंटेनरचे) जादा भाडे वाचेल. डिओडरायझर फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या कडांवर, दोन तुकड्यांत करा, कशेडीतून न्हावाशेव्याला नेणेही सोपे जाईल. टांझानियाला माल चढण्यापूर्वी तिथल्या मानक संस्थेच्या नियमानुसार तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पैशांसाठी लेटर ऑफ क्रेडिटच (खरेदीदाराच्या बँकेची हमी) धरा आणि निर्यातीचे पैसे बुडू नयेत म्हणून ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा उतरवा. समुद्रमार्गे जाणाऱ्या स्टेनलेसवर क्षार बसू देऊ नका, इन्सुलेशनखाली ओल आणि मीठ राहिले तर गरम व्हेसलला तडे जातात. आपल्या किनाऱ्यावर काम केलेल्या तुम्हाला हे निराळे सांगायला नको.

लोटेवाला

आपण सर्वांनी वेळ काढून इतके लिहिलेत, मनापासून आभार. आज सकाळीच खरेदीदाराला कळवले, की तेलाचा नमुना तपासून त्यातील आम्ल, गम आणि मेणाचे प्रमाण पाठवावे, बी कोणत्या महिन्यात किती मिळते ते लिहावे आणि तोवर ड्रॉइंग बाजूला ठेवावे. त्यांचे उत्तर तासाभरात आले : तेल सूर्यफुलाचेच आहे, आणि बी मिळते ते पाच महिने. आता 50 टनांऐवजी 20 टनांचा प्लान्ट आणि शुद्ध न केलेले सूर्यफूल तेल साठवायच्या मोठ्या टाक्या असे सुचवावे म्हणतो. केमिस्ट साहेब, साठवलेले सूर्यफूल तेल तिकडच्या उन्हात किती महिने टिकते, आणि टाकीत नायट्रोजन भरून ठेवणे त्यासाठी पुरेल का?