मदत हवी आहे: मेंदूतल्या बारीक गाठींचं ऑटो-कंटूरिंग

स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीच्या (गाठीवर नेमका, जास्त डोसचा किरणोपचार) प्लॅनिंगसाठी मेंदूतल्या मेटास्टेसिसची (दुसरीकडच्या कॅन्सरमधून पसरलेल्या गाठी) आउटलाइन, म्हणजे कंटूर, आपोआप काढायला एनएनयू-नेट (मेडिकल इमेजमधले भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केलंय. इनपुट एकच: कॉन्ट्रास्ट दिलेला टी१ एमआरआय, १ मिमी स्लाइस. मोठ्या गाठी छान येतात. ५ मिमीपेक्षा लहान मात्र सुटतात, आणि स्लाइसमध्ये आडव्या छेदात दिसणारी रक्तवाहिनी गाठ म्हणून रंगवली जाते. वर-खालच्या स्लाइस पाहिल्या की ती नळीसारखी पुढे जाताना स्पष्ट दिसते.

थ्रेशोल्ड (किती खात्री असली की मॉडेलने गाठ म्हणायचं ती मर्यादा) खाली आणला. गाठी सापडल्या, पण खोट्या खुणा इतक्या वाढल्या की हाताने आउटलाइन काढणं परवडलं असतं. ट्रेनिंगमध्ये गाठीभोवतीचे पॅचेस (इमेजचे तुकडे) जास्त घेऊनही फरक नगण्य. डाइस स्कोअरवर (मॉडेलची आणि डॉक्टरांची आउटलाइन किती जुळते त्याचा आकडा) माझा भरवसा नाही: ४ मिमीची गाठ म्हणजे जेमतेम ३३ व्हॉक्सेल (१ मिमीचे घन ठिपके), कडेचे थोडे हलले तरी आकडा कोसळतो. म्हणून गाठनिहाय सेन्सिटिव्हिटी (खऱ्या गाठींपैकी किती सापडल्या) मोजतेय.

डेटा रुग्णालयाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे क्लाउड नको. प्रत्येक कंटूर डॉक्टर तपासतातच, तरी सुटलेली गाठ म्हणजे उपचार न मिळालेली गाठ, ही धास्ती आहे.

ब्लॅक-ब्लड सीक्वेन्स (वाहतं रक्त काळं दाखवणारा एमआरआय) मोजक्याच रुग्णांचा आहे. तेवढ्यावर तो मॉडेलला दुसरा चॅनल (टी१सोबतचा दुसरा इनपुट) म्हणून जोडावा, की रक्तवाहिन्या गाळायला वेगळा क्लासिफायर (गाठ की रक्तवाहिनी हे ठरवणारं मॉडेल) लावावा? प्रत्यक्ष कोणी केलंय का?